गाडीचा डॉक्टर पडद्याआड

आपल्यासारख्या छोट्या गावांतही आता सकाळी सातपासून बायकांच्या गाड्या रस्त्यावर धावायला लागतात. कुणी मुलांना शाळेत सोडते, कुणी बँकेत जाते, कुणी बचत गटाचे पापड-लोणची पोहोचवते. गाडी आपली, चालवतो आपण. पण सर्व्हिसिंगची वेळ आली की म्हणतो, “अहो, जाता जाता जरा शोरूमला टाकून या ना!” म्हणजे गाडीचं दुखणं जिला ठाऊक, ती घरी, आणि सांगायला जातो तो, ज्याने ती महिनाभर हातातही घेतलेली नाही!

शोरूममध्ये आपल्याशी बोलतो तो सर्व्हिस ॲडव्हायझर. तो आपली तक्रार जॉब कार्डावर लिहितो. गाडी खोलणारा टेक्निशियन, म्हणजे आपल्या भाषेत मेस्त्री, आत वर्कशॉपमध्ये असतो. बऱ्याचदा आपली-त्याची गाठच पडत नाही. कार्डावर जे लिहिलंय, तेवढंच त्याला कळतं. तिथे नुसतं ‘जनरल सर्व्हिसिंग’ लिहिलं, तर “सकाळी थंड असताना गाडी बंद पडते” हे त्याला कोण सांगणार? डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसतं “बरं नाही” म्हणतो का?

या मेस्त्रीचं काम ऑइल बदलण्यापुरतं नसतं. एअर फिल्टर, टायरची हवा आणि झीज, दिवे, बॅटरी, ब्रेक हे सगळं कंपनीने दिलेल्या यादीप्रमाणे तपासायचं. बोल्ट आवळायचा तोही अंदाजाने नाही. किती आवळायचा याचं माप ठरलेलं असतं आणि त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. वॉरंटीतला पार्ट खराब निघाला तर तो का खराब झाला याची नोंद ठेवायची. काम झाल्यावर गाडी चालवून बघायची. जादा काम निघालं तर ते लपवायचं नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय परस्पर करायचंही नाही.

आमच्या ओळखीतल्या एका डबेवाल्या ताईंचंच बघा. त्यांच्या गाडीचा मागचा ब्रेक दाबला की लिव्हर पार मुठीला टेकायचा. घरी सांगितलं होतं, पण कार्डावर ते आलंच नाही. मेस्त्रीला मात्र गाडी चालवून बघताना ते जाणवलं. उघडून पाहिलं तर ब्रेक शू पार झिजलेले. यजमान घाईत होते, “पुढच्या वेळी बघू” म्हणाले. तो पोरगा शांतपणे म्हणाला, “काका, शू बदलू नका म्हणालात तर तसं कार्डावर लिहून तुमची सही घ्यावी लागेल. गाडी बरोबर आहे, असं मी लिहिणार नाही.” काका चिडले, पण शू बदलले. त्याच गाडीवर ताई रोज शाळेतल्या नातवाला मागे बसवून आणतात. त्या पोराच्या एका ‘नाही’ची किंमत किती, ते आपणच ठरवायचं!

हे काम आता अवघडही झालंय. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि बहुतेक स्कूटरमधला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी मेस्त्री कान देऊन दोष ओळखायचा. आता कानाच्या जोडीला संगणकासारखं यंत्र गाडीला जोडून दोषाचा कोड वाचावा लागतो. इलेक्ट्रिक मोटारीत तर नारिंगी रंगाच्या जाड केबलमधून जीवघेण्या दाबाची वीज वाहते. शिक्षण न घेता तिला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून यापुढे गाडी स्वतः घेऊन जा. तक्रार घरीच कागदावर लिहा: आवाज कधी येतो, थंड गाडीत की गरम, ब्रेक दाबताना की वळताना. जॉब कार्ड वाचूनच सही करा. “जादा खर्च निघाला तर आधी मला फोन करा” हे लिहूनच घ्या. बदललेले जुने पार्ट दाखवायला सांगा. गाडी ताब्यात घेताना तिथेच एक चक्कर मारा. काम नीट झालं नाही तर आधी वर्कशॉपच्या मॅनेजरशी बोला; तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि काम चोख झालं असेल, तर त्या मेस्त्रीला बाहेर बोलावून दोन शब्द कौतुकाचे नक्की बोला. शिव्या त्याला आतपर्यंत पोहोचतात, शाबासकी मात्र काउंटरवरच अडकते.

आणखी एक. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, पुढे विद्यावेतनासह ॲप्रेंटिसशिपही करता येते. तिथे मुलींनाही प्रवेश मिळतो. मिक्सर उघडून बसणारी, सायकलची चेन स्वतः चढवणारी एखादी लेक तुमच्या घरात असेल, तर “हात काळे होतील” म्हणून तिला अडवू नका. हात साबणाने धुतले की स्वच्छ होतात!