डीझेल एंजिन : आदानमार्गाची शुद्धी

डीझेल एंजिनात शोषल्या जाणाऱ्या हवेत वंगण तेलाचे बाष्प व काजळी मिसळू नये म्हणून केलेल्या योजनांना आदानमार्गाची शुद्धी म्हणता येईल. बाहेरील धूळ अडविण्यासाठी हवेची गाळणी असतेच. परंतु हे दोन पदार्थ गाळणीच्या पुढे, एंजिनाच्या स्वतःच्याच अंगातून येत असल्याने त्यांवर गाळणीचा काही इलाज चालत नाही. दोन्ही सुटे असताना फारसे उपद्रवी नसतात. एकट्या तेलाचा पातळ थर हवेच्या झोताबरोबर पुढे सरकत जाऊन सिलिंडरात जळतो. कोरडी काजळी भिंतींवर बसली, तरी सैल व भुसभुशीत राहते. तेलाने ओलसर झालेल्या भिंतीवर काजळी बसली म्हणजे मात्र डांबरासारखा लेप तयार होतो आणि उष्णतेने तो कडक होत जातो. पेट्रोल एंजिनाच्या जुन्या रचनेत आदान झडपेवर पडणाऱ्या इंधनाच्या तुषाराने ती आपोआप धुतली जाते. डीझेल इंधन थेट सिलिंडरात फवारले जात असल्यामुळे ही सोय येथे नाही.

तेलबाष्पाचा उगम : दट्ट्याच्या कड्या कितीही चांगल्या बसल्या, तरी संपीडन व ज्वलन यांच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली भुजापेटीत (जिला कारखान्यांतून क्रँककेस म्हणतात तीत) उतरतो. सुस्थितीतील एंजिनात त्याचे प्रमाण आत घेतलेल्या हवेच्या सुमारे एक टक्का असते. सिलिंडर व कड्या झिजल्या की ते अनेक पटींनी वाढते. हा वायू बाहेर काढला नाही, तर पेटीतील दाब वाढून तेलबंद निकामी होतात. बाहेर पडताना तो आपल्याबरोबर तेलाचे कण नेतो. धारव्यांमधून व फिरत्या भुजांवरून उडालेले थेंब मोठे असतात, तर तापलेल्या दट्ट्याच्या तळाशी बाष्प होऊन पुन्हा थिजलेले कण एक मायक्रॉनपेक्षाही (मीटरच्या दशलक्षांशापेक्षाही) लहान असतात. खरी अडचण या बारीक कणांची आहे.

पूर्वी ही वाफ एका नळीने वाहनाखाली सोडून देत. शेतीपंपांना जोडलेल्या लहान एंजिनांत ती अजूनही पुष्कळदा उघड्या हवेतच जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पेट्रोल मोटारींवर १९६१ पासून ही वाफ पुन्हा आदानमार्गात वळविण्याची पद्धत आली. टर्बोचार्जर असलेल्या अवजड डीझेल एंजिनांना मात्र अमेरिकेच्या नियमांनी २००७ पर्यंत सूट दिली होती, कारण तेल टर्बोचार्जरच्या संपीडकात व त्यापुढील शीतकात जमते, हा उत्पादकांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. संपीडकातून निघणाऱ्या हवेचे तापमान १५०° से. च्या वर जाऊ शकते. त्या तापमानास तेल भिंतींवर भाजून निघते व संपीडकाची कार्यक्षमता घटते. शीतकात हेच तेल पत्र्यांवर पसरून उष्णतेच्या वहनास अडथळा करते.

तेलाचे विलगीकरण : वायू आदानमार्गात पोहोचण्यापूर्वीच त्यातील तेल वेगळे करणे हा यावरील मार्ग होय. सर्वांत साधी योजना म्हणजे आडवळणांची पेटी. वायू वळतो, जड थेंब वळत नाहीत व भिंतीवर आदळून खाली गळतात. अशा पेटीत बारीक कण अडकत नाहीत. चक्रवाती विलगकात वायूला भोवरा देऊन त्यांपैकी काही पकडता येतात. तंतूंच्या गाळणीत अतिसूक्ष्म कण तंतूंना चिकटून एकमेकांत मिसळतात व मोठे थेंब होऊन गळतात. पण काजळीने तंतू भरत गेले की दाब वाढतो, म्हणून ती ठराविक काळाने बदलावी लागते. मोठ्या मालमोटारींवर वेगाने फिरणाऱ्या चकत्यांचा विलगक वापरतात. गुस्ताफ दे लाव्हाल यांनी १८७८ मध्ये स्वीडनमध्ये दुधातून मलई काढण्यासाठी जे केंद्रोत्सारी यंत्र तयार केले, त्याचाच हा वंशज आहे.

वेगळे झालेले तेल ज्या नळीने तेलपात्रात परत जाते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती तुंबली, तर विलगक भरून वाहतो आणि जे तेल अडवायचे तेच एकदम आदानमार्गात शिरते. हवेची गाळणी धुळीने भरली असता संपीडकाच्या तोंडाशी शोषण वाढते व तेही भुजापेटीतून तेल ओढते; म्हणून मध्ये दाबनियंत्रक झडप बसवितात. बाजारात मिळणाऱ्या तेलसापळ्यांपैकी आत जाळी वा तंतू नसलेला नुसता डबा केवळ मोठे थेंब धरतो. तेलाच्या निवडीलाही महत्त्व आहे : २५०° से. तापमानास एक तास तापवून किती तेल उडून जाते, हे नोआक चाचणीने पाहतात. ज्याचे कमी उडते ते या दृष्टीने चांगले.

काजळीचा उगम : नायट्रोजन ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून निष्कास वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडतात. त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ यांमुळे ज्योतीचे तापमान उतरते. ही ऑक्साइडे सुमारे १,५००° से. च्या वर झपाट्याने वाढतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी डीझेल मोटारींसाठी त्यांची मर्यादा किमी.ला २५० मिग्रॅ. वरून ८० मिग्रॅ. वर आणली. वायू टर्बाइनाच्या आधी घेतला, तर त्याबरोबर काजळी येते. निष्कास मार्गातील काजळीच्या गाळणीनंतर घेतला, तर तो जवळजवळ स्वच्छ असतो, पण ओलसर व किंचित आम्लधर्मी असल्याने संपीडकाला व शीतकाला त्रासदायक ठरतो. वायूच्या शीतकात काजळी विशेष बसते, कारण गरम वायूतील सूक्ष्म कण थंड भिंतीकडे सरकतात. सदैव कमी भारावर, थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहनांत हा लेप लवकर जमतो.

लेपाने मार्ग अरुंद झाला की हवा कमी पडते, ज्वलन बिघडते, काजळी अधिक होते आणि लेप आणखी वाढतो. यावर गॅरेजांतून अनेकदा पुनर्वाही वायूची वाट पत्र्याने बंद करण्याचा उपाय सुचविला जातो. आदानमार्ग त्यामुळे स्वच्छ राहतो हे खरे. परंतु नायट्रोजन ऑक्साइडे पुन्हा वाढतात व रस्त्यावरच्या माणसांच्या फुप्फुसांत जातात. भुजापेटीची वाफ उघड्यावर सोडणे हाही त्याच जातीचा उपाय. लेप यांत्रिक रीतीने खरवडून वा योग्य द्रावकाने, शक्यतो भाग उतरवून, काढणे श्रमाचे असले तरी तेच इष्ट.

बेफाम एंजिन : पेट्रोल एंजिनाप्रमाणे डीझेल एंजिनाचा वेग हवेच्या प्रमाणाने नियंत्रित होत नाही, तर इंधनाच्या प्रमाणाने होतो. आदानमार्गातून पुरेसे तेल आत गेल्यास तेच इंधन ठरते. किल्ली बंद करून इंधन तोडले, तरी एंजिन वेग वाढवीत राहते व अखेर फुटते. तेलकुंडाच्या हवा-गाळणीत खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यानेही लहान एंजिनांत असे होऊ शकते. अशा वेळी हवा पूर्ण बंद करणे हाच खात्रीचा उपाय असून, ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असते अशा तेलविहिरींच्या ठिकाणी त्यासाठी खास झडप बसवितात. उघड्या नळीवर हात धरून हवा रोखणे धोक्याचे आहे. टर्बोचार्जर निकामी होऊन तेल गळले असल्यास नवा बसविण्यापूर्वी शीतक व नळ्या यांत साचलेले तेल काढावे लागते. ते तसेच राहिल्यास एंजिन सुरू होताच ते ओढले जाऊन पुन्हा बेफाम होऊ शकते.