बांधकामाचे वेळापत्रक आणि संगणक

आपल्या धर्मग्रामांतून कोठे ना कोठे बांधकाम चालूच असते. कोठे जुन्या चर्चची डागडुजी, कोठे शाळेचा नवा मजला, कोठे सभागृह. अशा कामात पैसा कमी पडतो ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पैसा हाताशी असूनही काम रखडते, तेव्हा त्याचे कारण क्वचितच शोधले जाते. गवंडी आले तेव्हा रेती पोहोचली नव्हती; रेती पोहोचली तेव्हा गवंडी दुसऱ्या कामावर गेले होते; आणि दोन्हींचा मेळ बसला तेव्हा मृग नक्षत्र लागले होते. हा अनुभव बांधकाम समितीवर काम केलेल्या बहुतेक धर्मग्रामस्थांना असेल.

सामान, माणसे आणि दिवस यांचा मेळ घालणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, आज सर्वत्र उपलब्ध आहेत. मोठे पूल व रेल्वेमार्ग त्यांच्या आधारानेच बांधले जातात. त्या नेमके काय करतात आणि आपल्या लहानशा कामाला त्यांचा काय उपयोग, हे प्रस्तुत लेखात आम्ही सोप्या भाषेत मांडू इच्छितो.

मूळ अडचण कोणती?

समजा, १०० चौरस मीटरचा स्लॅब टाकावयाचा आहे. जाडी साडेबारा सेंटिमीटर धरली तर साडेबारा घनमीटर काँक्रीट लागेल. एकास दीड व तीन या नेहमीच्या मिश्रणात एका घनमीटरला सुमारे ८ गोणी सिमेंट लागते. म्हणजे १०० गोणी, वजनाने ५ टन. एवढे सिमेंट केव्हा आणावे? फार लवकर आणले तर ते पडून राहते. गोदामात ठेवलेले सिमेंट तीन महिन्यांत आपली सुमारे एक पंचमांश ताकद गमावते, असे बांधकामाची पाठ्यपुस्तके सांगतात. कोकणच्या दमट हवेत तर अधिकच जपावे लागते. उशिरा आणले तर सेंट्रिंग बांधून, सळई अंथरून, मजूर बोलावून काम थांबते. तयार काँक्रीट मागवले तर नवीच घाई. भारतीय मानकानुसार ते गाडीत भरल्यापासून साधारणपणे दोन तासांच्या आत उतरवावे लागते. रस्त्यात वाहतूक खोळंबली, किंवा सळईची तपासणी अपुरी असताना गाडी दारात येऊन उभी राहिली, तर ते काँक्रीट वाया जाते अथवा नको त्या अवस्थेत वापरले जाते.

प्रत्येक वस्तूला अशी आपली वेळ असते. एका इमारतीत अशा शेकडो वस्तू आणि शेकडो कामे एकमेकांत गुंतलेली असतात. अनुभवी मुकादम हा गुंता डोक्यात सांभाळतो. पण तो आजारी पडला, किंवा काम त्याच्या आवाक्याबाहेर वाढले, की घडी विस्कटते.

कागदावरच्या पट्ट्यांपासून संगणकापर्यंत

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने कामांची आडव्या पट्ट्यांची आकृती प्रचारात आणली. डावीकडे कामांची नावे, वर तारखा, आणि प्रत्येक कामासमोर त्याच्या मुदतीएवढी लांब पट्टी. ही आकृती आजही ‘गँट चार्ट’ या नावानेच ओळखली जाते. तिच्यात एक उणीव होती. एक काम लांबले तर पुढील कोणती कामे ढकलली जातील, हे तिच्यावरून सहज कळत नसे.

ही उणीव १९५७ च्या सुमारास दूर झाली. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’, म्हणजे निर्णायक साखळी शोधण्याची पद्धत सिद्ध केली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही तशीच पद्धत वापरली. त्या काळी असे गणित करावयास खोलीभर पसरलेला संगणक लागे. १९८३ मध्ये प्रिमाव्हेरा ही कंपनी स्थापन झाली, १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती आली, आणि हे गणित मेजावरच्या संगणकावर येऊन बसले. आज प्रोजेक्टलिब्रे आणि गँटप्रोजेक्ट यांसारख्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात.

निर्णायक साखळी म्हणजे काय?

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या सभागृहाचा स्लॅब आज पडला आहे. गाळा साडेचार मीटरहून रुंद असल्याने भारतीय मानकानुसार खालचे टेकू किमान १४ दिवस ठेवावयाचे आहेत. त्यानंतर विटांच्या भिंतींना १२ दिवस, भिंतीतील विजेच्या नळ्यांना ४ दिवस, पाणी मारण्याच्या काळासह प्लास्टरला १० दिवस, लाद्यांना १० दिवस व रंगाला ८ दिवस धरू. ही कामे एकामागून एकच होऊ शकतात. बेरीज ५८ दिवस.

याशिवाय खिडक्या आहेत. कारखानदार त्या बनवून देण्यास ३५ दिवस मागतो. बसवण्यास ४ दिवस लागतात. त्या प्लास्टरनंतर बसवावयाच्या आणि रंगापूर्वी पुऱ्या व्हावयाच्या. खिडक्या बसवणे व लाद्या बसवणे एकाच वेळी चालू शकते.

आता आज्ञावली काय करते ते पाहू. प्रथम ती आरंभापासून पुढे मोजत जाते: प्लास्टर ४० व्या दिवशी संपेल, लाद्या ५० व्या दिवशी, रंग ५८ व्या दिवशी. मग ती शेवटापासून मागे मोजत येते. रंग ५० व्या दिवशी सुरू व्हावयाचा, तर खिडक्यांचे काम उशिरात उशिरा ४६ व्या दिवशी सुरू झाले पाहिजे. म्हणून खिडक्यांची मागणी उशिरात उशिरा ११ व्या दिवशी गेली पाहिजे. खिडक्यांना ही ११ दिवसांची सवड आहे. भिंत, प्लास्टर, लादी यांना मात्र एका दिवसाचीही सवड नाही. त्यांतील एक दिवस चुकला की उद्घाटनाचा एक दिवस चुकला. सवड नसलेल्या कामांची ही ओळ म्हणजेच निर्णायक साखळी.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडते? प्लास्टर झाल्यावर, म्हणजे ४० व्या दिवशी, ‘आता खिडक्या सांगून टाकू’ असे ठरते. खिडक्या ७५ व्या दिवशी येतात, ७९ व्या दिवशी बसतात आणि रंग ८७ व्या दिवशी संपतो. कोणी आळस केला नाही, पैसा कमी पडला नाही, तरी २९ दिवस गेले. ज्या वस्तूला सवड होती, तीच उशीर झाल्यामुळे निर्णायक होऊन बसली. स्लॅबच्या दिवशीच एक पत्र लिहिले असते तर हे टळले असते.

सामानाची नोंद

वेळापत्रक तयार झाले की आज्ञावलीचा दुसरा भाग कामास लागतो. प्रत्येक कामापुढे लागणाऱ्या वस्तू लिहिलेल्या असतात. कोणती वस्तू कोणत्या दिवशी लागणार व ती मिळण्यास किती दिवस लागतात, यावरून मागणीची तारीख निघते. काम पुढे गेले की ही तारीखही आपोआप पुढे सरकते.

सामान आले की तीन कागद जुळवून पाहावयाचे असतात: आपण दिलेली मागणी, जागेवर मोजून घेतलेला माल आणि पुरवठादाराचे बिल. तिन्हींत मेळ असेल तरच पैसे द्यावयाचे. खर्ची पडलेला मालही नोंदला जातो. स्लॅबला १०० गोणी लागणार असा हिशेब होता आणि १२५ गेल्या, तर प्रश्न त्याच आठवड्यात विचारता येतो. धर्मग्रामस्थांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या कामात ही गोष्ट फार मोलाची आहे. वर्षअखेरीस हिशेबावरून होणारे वाद पुष्कळदा अप्रामाणिकपणातून नव्हे, वेळीच न झालेल्या नोंदीतून जन्मतात.

पॅरिसचा धडा

या शास्त्राचे एक मोठे उदाहरण अलीकडेच जगाने पाहिले. १५ एप्रिल २०१९ च्या सायंकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली. छत जळाले, ९६ मीटर उंचीचा मनोरा कोसळला. फ्रान्सच्या अध्यक्षांनी पाच वर्षांत पुनर्बांधणी करण्याचे जाहीर केले. सुमारे १५० देशांतील ३ लाख ४० हजार दात्यांनी मिळून ८४ कोटी ६० लाख युरो दिले. पैशाची चिंता उरली नाही. तरीही काम कठीणच होते.

कारण काही गोष्टी पैशाने लवकर होत नाहीत. आगीपूर्वी दुरुस्तीसाठी बांधलेली लोखंडी परात वितळून एकमेकींत अडकली होती. सुमारे ४० हजार तुकड्यांची ती परात अलगद काढल्याशिवाय वरचे काम सुरूच करता येत नव्हते. शिशाच्या धुळीमुळे २०१९ च्या उन्हाळ्यात आणि कोरोनामुळे २०२० च्या वसंतात काम थांबले. परात जून ते नोव्हेंबर २०२० या काळात उतरवण्यात आली.

लाकडाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. छत व मनोरा यांसाठी सुमारे २ हजार ओक वृक्ष लागले. झाडात रस चढण्यापूर्वी, हिवाळा संपता संपता ते तोडावे लागतात, आणि मनोऱ्याचे लाकूड जोडणीपूर्वी बराच काळ वाळू द्यावे लागते. म्हणून २०२१ च्या आरंभीच मनोऱ्याचे वृक्ष निवडून तोडण्यात आले. प्रत्यक्ष जीर्णोद्धाराचे पर्व त्या वर्षाच्या उत्तरार्धात सुरू व्हावयाचे होते, आणि मनोऱ्याची उभारणी तर २०२३ मध्ये झाली. तो एक हिवाळा दवडला असता तर पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी लागली असती. आपल्या उदाहरणातील खिडक्या आणि पॅरिसचे ओक यांचे गणित एकच आहे: जे मिळण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो, त्याची मागणी सर्वांत आधी.

संगणकाचा दुसरा उपयोगही तेथे दिसला. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१० मध्येच लेसर किरणांनी कॅथेड्रलची एक अब्जाहून अधिक बिंदूंची मोजणी करून ठेवली होती. ती आणि आगीनंतरची नवी मोजणी यांवरून इमारतीची संपूर्ण त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी करण्यात आली. अशा प्रतिकृतीत परात कोठे उभारावी, कोणता दगड कोठला, हे जागेवर जाण्यापूर्वीच पडताळता येते. ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रलची दारे पुन्हा उघडली.

संगणक काय करू शकत नाही

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्हांला आवश्यक वाटते. आज्ञावली केवळ आपण सांगितलेल्या आकड्यांवर चालते. भिंतीला १२ दिवस लागतील हे तिला गवंड्यानेच सांगितले पाहिजे. कार्यालयात बसून ‘आठ दिवसांत होईल’ असे लिहिले, तर पडद्यावर सुंदर आकृती दिसेल आणि जागेवर भिंत अपुरीच राहील. १९९० च्या दशकात ग्लेन बॅलार्ड व ग्रेग हॉवेल या अमेरिकी अभ्यासकांना असे आढळले की, आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच त्या आठवड्यात पुरी होतात. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा आहे: जो प्रत्यक्ष काम करून घेतो, त्या मुकादमालाच दर आठवड्यास विचारावे, ‘यातले खरोखर किती होईल, आणि कशावाचून अडेल?’ जे अडथळे तो सांगेल, ते आधी दूर करावेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वेळापत्रक हुकले की ते भरून काढण्याचा मोह होतो, आणि पहिला बळी बहुधा टेकूंच्या १४ दिवसांचा जातो. ‘दहा दिवस झाले, काढा सेंट्रिंग’ असे कोणीतरी म्हणतो. काँक्रीटला आपल्या उद्घाटनाची तारीख ठाऊक नसते. अपुऱ्या ताकदीच्या स्लॅबखाली उभा असतो तो रोजंदारीवर आलेला बिगारी. आज्ञावलीत हा काळ कमी करता येतो, कारण आकडा बदलणे सोपे आहे. म्हणून असे काही आकडे अभियंत्याच्या लेखी संमतीवाचून बदलू नयेत, असा नियमच समितीने करावा.

मजुरांचा विचार आणखी एका अंगाने करावयास हवा. नाक्यावरून दहा माणसे बोलावली आणि खडी न आल्याने नऊ वाजता परत पाठवली, तर आपले फार काही बिघडत नाही. त्यांच्या घरची त्या दिवसाची चूल मात्र बिघडते. नीट आखलेल्या कामात असा दिवस क्वचितच येतो.

धर्मग्राम समित्यांनी काय करावे?

लहान कामासाठी महागडी आज्ञावली घेण्याचे कारण नाही. धर्मग्रामातील संगणक जाणणारा एखादा तरुण, अभियंता आणि मुकादम यांनी एका टेबलाशी दोन-तीन तास बसावे. कामांची यादी करावी. प्रत्येकाची मुदत व ते कोणत्या कामानंतर येते हे लिहावे. मिळण्यास वेळ लागणाऱ्या वस्तू वेगळ्या काढून त्यांच्या मागणीच्या तारखा निश्चित कराव्यात. पावसाचे चार महिने आधीच वगळावेत. सवड नसलेली कामे लाल रंगात छापून तो कागद जागेवर लावावा आणि दर शनिवारी तो सुधारावा. मालाची आवक-जावक एकाच व्यक्तीने, त्याच दिवशी नोंदवावी. वर्गणीदारांना महिन्यातून एकदा हा तक्ता दाखवला, तर आपला पैसा कोठवर पोहोचला हे त्यांना विचारावे लागणार नाही.

हा कागद भिंतीवर लागला की पहिला प्रश्न असा विचारावा: आज मागणी न दिल्यास कोणत्या वस्तूवाचून आपले काम अडणार आहे? त्या वस्तूची मागणी त्याच दिवशी पाठवावी.