वर्गातली हवा किती शिळी?

दारे-खिडक्या लावलेल्या वर्गात चाळीस मुले तासभर बसली, की हवा कोंदट होते. बाहेरून येणाऱ्याला ते लगेच जाणवते. आत बसलेल्यांच्या नाकाला मात्र सवय होऊन जाते. म्हणून नाकावर विसंबू नये, मोजावे. त्यासाठी हातात मावणारा कार्बन डायऑक्साइड मीटर मिळतो.

या मीटरमध्ये अवरक्त किरणांचा एक लहानसा दिवा असतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण शोषून घेतात. समोरच्या संवेदकापर्यंत असे किरण जितके कमी पोहोचतील, तितका हा वायू जास्त. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे किती भाग आहेत, तो आकडा मीटर दाखवतो.

आता थोडे गणित करू. मोकळ्या हवेत हे प्रमाण आज सुमारे ४२५ आहे. आपल्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० असते. समजा, वर्गात मीटरने २,००० दाखवले. जादा भाग झाले १,५७५. त्यांना ४०,००० ने भागा. उत्तर येते जवळजवळ ४ टक्के. म्हणजे तुमच्या दर पंचवीस श्वासांमागे एका श्वासाइतकी हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेली असते! क्षय आणि गोवर यांचे जंतू अशाच हवेतून पसरतात. जर्मन शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतील हवेसाठी १,००० ही मर्यादा सुचवली होती. खेळती हवा ओळखण्याची खूण म्हणून ती आजही उपयोगी पडते.

हा प्रयोग तुम्हीही करा. प्रथम मीटर मैदानात ठेवून आकडा ४२५ च्या जवळ येतो का, ते पाहा. मग तो वर्गात बाकाच्या उंचीवर, पण कोणाच्याही तोंडापासून दूर ठेवा. दर पाच मिनिटांनी नोंद करून आलेख काढा. अर्ध्या तासाने समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि आलेख कसा उतरतो ते पाहा. शिकवणीच्या वातानुकूलित खोलीतही मोजून बघा. भिंतीवरचे नेहमीचे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा थंड करून फिरवते, ताजी हवा आत आणत नाही.

एक मात्र विसरू नका. आकडा कमी आला म्हणजे हवा निर्दोष, असे नव्हे. धूळ, धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड या मीटरला दिसत नाहीत. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असेल, तर या मीटरच्या भरवशावर राहू नका. तेथे जीवाशी गाठ असते.

वर्गात मात्र उपाय सोपा आहे: आकडा १,००० च्या वर गेला, की उठा आणि खिडकी उघडा.