पोपटाला पिंजरा नको, अजगराला नोंद हवी

विरार-नालासोपाऱ्याच्या चाळींतून फिरलात तर एखाद्या गॅलरीत तारेचा पिंजरा हमखास दिसतो. आत हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला पोपट, वाटीत भिजवलेली चणाडाळ आणि एक अर्धवट सोललेली मिरची. मालकाला विचारा, तो म्हणेल, ‘घरचाच आहे, लहानपणापासून सांभाळलाय.’ कायद्याच्या नजरेत मात्र तो घरचा नाही, रानचाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत येतो. तो बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तारांकित कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे शिक्षा किमान तीन वर्षांची आणि दंड किमान पंचवीस हजारांचा. ‘कासव ठेवलं की लक्ष्मी येते’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

प्राणी किती धोकादायक आहे, हे कायदा आधी पाहत नाही. तो आला कुठून, हे पाहतो. म्हणून निरुपद्रवी पोपटावर बंदी, आणि परदेशी बॉल पायथन हा अजगर पाळायला वाट मोकळी, फक्त नोंद करून. आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, सन कोन्युर या सगळ्यांना हाच नियम. २०२२च्या दुरुस्तीने अशा परदेशी जातींसाठी चौथी अनुसूची आली, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करावी लागते. पुढे पिल्ले झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवायचे. बजरिगर आणि कॉकटिएल परदेशी असले तरी यात मोडत नाहीत, म्हणून ते दुकानांतून बिनघोर विकले जातात.

उरले कुत्रा-मांजर. इथे वनखात्याचा संबंध नाही, महापालिकेचा आणि शेजाऱ्यांचा आहे. महापालिका अधिनियमाने कुत्र्यांवर कर लावण्याचा अधिकार पालिकेला दिला आहे, तेव्हा परवान्याची चौकशी आपल्या प्रभाग समिती कार्यालयात करावी. लसीकरणाची जबाबदारी २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मालकावरच टाकली आहे. सोसायटीचा ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५मध्येच कळवले आहे. पण निष्काळजीपणामुळे आपला कुत्रा कुणासाठी धोका ठरला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागते: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर केंद्राने मार्च २०२४मध्ये बंदी सुचवली होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. माझ्या मते जात पाहण्यापेक्षा मालकाच्या हातातला पट्टा पाहणे अधिक शहाणपणाचे.

दूध विकण्यासाठी म्हशी बांधायच्या, तर मात्र महापालिका आयुक्तांचा परवाना लागतो. तबेल्यांच्या आपल्या वसई तालुक्यात तो किती जण काढतात, हा वेगळा प्रश्न.

आपल्या शहराच्या उशाला सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अभयारण्य आहे, त्यामुळे न पाळलेले जनावरही दारात येते. मार्च २०२४च्या अखेरीस वसई किल्ल्यात बिबट्या दिसला आणि तो पिंजऱ्यात सापडायला जवळजवळ चार आठवडे गेले. तेवढे दिवस वसई-भाईंदर रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या प्रवाशांनाही त्याची झळ बसली. असे काही दिसले किंवा घरात साप निघाला, तर स्वतः काठी उचलू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. साप सर्पमित्राने पकडला तरी तो घरी ठेवायचा नसतो.

आणि पिंजऱ्यातला पोपट आजच गच्चीवरून उडवून देऊ नका. पंख कापलेला, माणसाळलेला पक्षी कावळ्यांच्या तोंडी जातो. तोही वनखात्याकडेच सोपवा.