साइडमाउंट गुहा-डायव्हिंगमधील सिलिंडरच्या आकारमानाची निवड : एक विवेचन

१. प्रस्तावना

तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावरील पर्यटनामुळे पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणारा पाणबुड्या महाराष्ट्राला आता अपरिचित राहिलेला नाही. अशा खुल्या समुद्रात काही बिघाड झालाच, तर डोक्यावर पाण्याचा मोकळा पृष्ठभाग असतो. जलमग्न गुहेत मात्र डोक्यावर खडकाचे छत असते आणि ज्या वाटेने आत जावे, त्याच वाटेने परतावे लागते. म्हणूनच सिलिंडर केवढे घ्यावे, हा समुद्रात सोयीचा असणारा प्रश्न गुहेत जीवनमरणाचा होतो.

सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही कुशींना, काखेपासून कमरेपर्यंत, शरीराला समांतर अडकविण्याच्या पद्धतीस ‘साइडमाउंट’ म्हणतात. या पद्धतीत सिलिंडर जितके मोठे, तितकी सुरक्षितता अधिक, असा समज सहज होऊ शकतो. तो कितपत ग्राह्य आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

२. पद्धतीची पार्श्वभूमी

या पद्धतीचा उगम ब्रिटनमधील गुहासंशोधनात आहे. तेथील कोरड्या गुहांमध्ये मध्येच पाण्याने भरलेले आखूड भाग लागतात. १९६० च्या दशकात तेथील संशोधकांनी छोटी सिलिंडरे कमरपट्ट्याला कुशीस अडकविण्यास प्रारंभ केला. अरुंद फटीतून सरपटणे आणि कोरड्या भागातून सामान वाहून नेणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे सुकर झाल्या. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या झऱ्यांमध्ये आणि मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील गुहांमध्ये या पद्धतीचा विकास झाला. युकातानमधील साक आक्तुन व दोस ओहोस या दोन गुहाप्रणाली परस्परांस जोडलेल्या असल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी सुमारे ३४७ किलोमीटर भरली.

या तिन्ही प्रदेशांत वापरली जाणारी सिलिंडरे वेगवेगळी आहेत. त्यामागे केवळ रूढी नसून पाण्याचे तापमान, खोली, प्रवाह आणि वाटेची रुंदी ही कारणे आहेत.

३. आकारमान मोजण्याच्या दोन रीती

युरोपात सिलिंडरचे आकारमान त्यात मावणाऱ्या पाण्यावरून, म्हणजे लिटरमध्ये सांगतात. अमेरिकेत ते पूर्ण दाबाला भरल्यावर त्यातून मिळणाऱ्या हवेवरून, म्हणजे घनफुटांत सांगतात. त्यामुळे नावावरून तुलना केल्यास फसगत होते. ‘ॲल्युमिनियम ८०’ या सर्वपरिचित सिलिंडरची जलधारकता सुमारे ११ लिटर असून प्रत्यक्षात त्यात ७७.४ घनफूट हवा मावते. कमी दाबाच्या ‘पोलाद ८५’ ची जलधारकता सुमारे १३ लिटर, तर ‘पोलाद १०८’ ची सुमारे १७ लिटर असते.

रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाच्या आधारे हवेचा साठा काढणे सोपे आहे. जलधारकतेला दाबाने गुणले की साठा मिळतो. ११ लिटरचे सिलिंडर २०० बार दाबाला भरल्यास सुमारे २२०० लिटर हवा मिळते. १३ लिटरचे पोलादी सिलिंडर १८० बारला भरल्यास २३४० लिटर, तर १७ लिटरचे ३०६० लिटर हवा देते. म्हणजे पहिल्या दोन सिलिंडरांच्या साठ्यात फारसा फरक नाही. सिलिंडरवर कोरलेल्या कार्यदाबापेक्षा अधिक दाब भरून साठा वाढविण्याचा मार्ग मात्र त्याज्य मानला पाहिजे. भारतात अशा सिलिंडरांचे नियमन गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये होते व त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

खोलीबरोबर हवेचा खप वाढतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या पाणबुड्याला १५ मीटरवर, म्हणजे सुमारे २.५ बार दाबाखाली, मिनिटाला ५० लिटर आणि ३० मीटरवर ८० लिटर हवा लागते.

४. तृतीयांशाचा नियम आणि दोन स्वतंत्र साठे

शेक एक्सले या अमेरिकन गुहा-पाणबुड्याने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत गुहांमधील अपघातांचे विश्लेषण केले. गुहेबाहेरपर्यंत अखंड मार्गदर्शक दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि अतिखोल जाणे ही कारणे त्यातून पुढे आली. यांपैकी हवेसंबंधीचा दंडक ‘तृतीयांशाचा नियम’ म्हणून ओळखला जातो. एक तृतीयांश साठा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला संकटासाठी, अशी ती विभागणी होय.

पाठीवरील जोडसिलिंडर नळीने परस्परांस जोडलेले असल्याने एक रेग्युलेटर निकामी झाला, तरी दुसऱ्यातून संपूर्ण साठा वापरता येतो. साइडमाउंटमध्ये दोन्ही साठे स्वतंत्र असतात. एका सिलिंडरचा रेग्युलेटर बंद पडल्यास त्यातील हवा गेली असेच धरून चालावे लागते. दोन ‘ॲल्युमिनियम ८०’ घेतलेल्या पाणबुड्याचा एकूण साठा ४४०० लिटर. त्याने जाताना सुमारे १४६६ लिटर हवा दोन्हींतून समप्रमाणात वापरली, तर वळणबिंदूला प्रत्येकात तेवढीच, सुमारे १४६७ लिटर हवा उरते. अशा क्षणी एक सिलिंडर निकामी झाले, तर दुसऱ्यातील हवा परतीच्या प्रवासापुरती, जेमतेम, असते. घाबरल्यामुळे वाढणाऱ्या श्वसनासाठी काहीही शिल्लक राहत नाही.

याच पाणबुड्याने जाताना केवळ डाव्या सिलिंडरमधून हवा घेतली असती, तर डावीकडे ७३४ लिटर आणि उजवीकडे २२०० लिटर उरली असती. उजवे निकामी झाल्यास परतीसाठी निम्मीच हवा हाताशी राहते. म्हणून ठरावीक अंतराने रेग्युलेटर बदलून दोन्ही साठे समान ठेवणे हा या पद्धतीचा पाया आहे. येथे मोठ्या सिलिंडरची एक मर्यादा दिसते. दोन्हींच्या दाबांत ३० बारचा फरक पडला, तर ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये तो ३३० लिटरचा असतो. १७ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५१० लिटरचा. दाबमापकावरील आकडा तोच असला, तरी त्याचा अर्थ बदलतो.

५. धातू आणि तोल

एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. त्यामुळे २२०० लिटर हवा संपली की सिलिंडर सुमारे अडीच किलोग्रॅमने हलके होते. ॲल्युमिनियमचे सिलिंडर भरलेले असताना पाण्यात किंचित जड असते, परंतु रिकामे होताना सुमारे दीड ते दोन किलोग्रॅमने वर उचलले जाऊ लागते. त्याचा बुडाकडील भाग पायांच्या बाजूने वर येतो व अरुंद वाटेत छताला घासतो. यासाठी हवा कमी होत जाईल तसा खालचा अडकवण पुढच्या कडीत घ्यावा लागतो.

पोलादी सिलिंडर रिकामे झाले तरी त्याचा कल बुडण्याकडेच राहतो, त्यामुळे त्याची स्थिती फारशी बदलत नाही. तथापि १७ लिटरची दोन पोलादी सिलिंडरे भरलेली असताना त्यांतील हवेचेच वजन सात किलोग्रॅमच्या पुढे जाते. पातळ वेटसूट घातलेल्या पाणबुड्याची तोल सांभाळणारी हवेची पिशवी फाटल्यास हा भार पोहून उचलणे दुष्कर ठरते. थंड पाण्यात वापरल्या जाणाऱ्या, स्वतःच तरंगू पाहणाऱ्या ड्रायसूटबरोबर मात्र पोलादाचे वजन उपयोगी पडते.

६. गुहेचे स्वरूप

मेक्सिकोच्या गुहांतील पाणी सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे, प्रवाह मंद आणि पुष्कळशा वाटा उथळ असतात. १५ मीटर खोलीवर ‘ॲल्युमिनियम ८०’ च्या जोडीचा एक तृतीयांश भाग सुमारे २९ मिनिटे पुरतो. तेथे हे सिलिंडर सर्वत्र प्रचलित का झाले, याचे उत्तर या आकड्यात आहे. फ्लोरिडातील अनेक झऱ्यांत ३० मीटरच्या आसपास खोली आणि समोरून येणारा जोरदार प्रवाह असतो. तेथे हीच हवा १८ मिनिटांत संपते, तर ‘पोलाद १०८’ च्या जोडीचा एक तृतीयांश भाग सुमारे २५ मिनिटे टिकतो. म्हणून तेथे पोलादास पसंती मिळाली. झऱ्याचा प्रवाह परतताना मदत करतो. पाणी आत ओढणाऱ्या गुहेत नेमके उलट घडते आणि तेथे एक तृतीयांश हवा वापरणेही अविचाराचे होते.

रुंदीचा विचारही अपरिहार्य आहे. ‘पोलाद ८५’ चा व्यास सुमारे १७८ मिलिमीटर, ‘ॲल्युमिनियम ८०’ चा १८४ आणि ‘पोलाद १०८’ चा २०३ मिलिमीटर असतो. फरक थोडा दिसला, तरी तो दोन्ही कुशींना मोजावा लागतो. ब्रिटनमधील गुहांत सिलिंडर वाहून न्यावे लागत असल्याने ७ लिटरची छोटी सिलिंडरे आजही उपयुक्त ठरतात.

७. जोडीदाराचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन एका व्यक्तीपुरते होते. खरी कसोटी जोडीदारांची सिलिंडरे असमान असताना लागते. ‘अ’ कडे ‘ॲल्युमिनियम ८०’ ची जोडी, म्हणजे ४४०० लिटर हवा आहे. ‘ब’ कडे ‘पोलाद १०८’ ची जोडी, म्हणजे ६१२० लिटर. ‘ब’ चे श्वसन अधिक असल्याने दोघांचेही तृतीयांश एकाच वेळी संपले असे मानू. ‘अ’ ने १४६६, तर ‘ब’ ने २०४० लिटर हवा वापरली. वळणबिंदूला ‘ब’ ची सर्व हवा गेली, तर दोघांना परतण्यासाठी ३५०६ लिटर हवा लागेल. ‘अ’ कडे उरली आहे २९३४ लिटर. दोघांनीही नियम काटेकोरपणे पाळला, तरी सुमारे ५७२ लिटर हवा कमी पडते.

यावरचा उपाय म्हणजे ‘ब’ ने आपला तृतीयांश न मोजता ‘अ’ चा मोजणे. त्याने १४६६ लिटर हवा वापरताच, म्हणजे दाबमापक १८० वरून १३७ बारवर येताच परत फिरावे. १२० बारची वाट पाहू नये. परिणामी मोठ्या सिलिंडरमुळे जोडीला अधिक आत जाता येत नाही. लहान साठाच मर्यादा ठरवतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) सिलिंडरची निवड आत किती दूर जाता येईल यावरून न करता, एक सिलिंडर निकामी झाल्यावर परतता येईल का, यावरून करावी.

(२) तृतीयांश ही साइडमाउंटमधील कमाल मर्यादा आहे. अनोळखी गुहेत त्याहून कमी हवा वापरणे श्रेयस्कर.

(३) धातूची निवड पोशाख, पाण्याचे तापमान व तोल यांच्याशी जोडून करावी.

(४) जोडीदारांनी शक्यतो समान सिलिंडरे घ्यावीत. तसे नसल्यास परतीचा दाब लिटरमध्ये हिशेब करून पाण्यात उतरण्यापूर्वी ठरवावा.

मोठे सिलिंडर म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज म्हणून अपुरा ठरतो. ही गणिते प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तथापि बॉईल आणि आर्किमिडीज यांचे नियम वर्गात शिकविताना, साध्या गुणाकार-भागाकारावर दोन माणसांचे परतणे कसे अवलंबून असते, हे दाखविणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.