गव्हावाचून पावाचे विरजण

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने पाव कसा आंबवावा हे सांगावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी पाकशास्त्री नाही, डॉक्टर तर नाहीच. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि माणसांत झाले. हे कामही गरजेपोटीच शिकलो.

आमच्या सोलापुरातील एका यंत्रमाग कामगाराच्या आठ वर्षांच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी सिलिॲक हा विकार असल्याचे निघाले. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते. या विकारात ते पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेले अंगी लागत नाही. आहारातून गहू काढला की अशी मुले सुधारतात, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. आजही पथ्य हाच उपाय आहे, आणि तो जन्मभराचा.

कोणी म्हणेल, आपला मुलूख ज्वारीचा. भाकरी असताना पाव कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु सगळ्या मैत्रिणी पाव खात असता एकटीनेच तो कधी खायचा नाही, हे आठ वर्षांच्या पोरीला कसे पटावे? ग्लुटेनविरहित तयार पाव मिळतो, पण त्याची किंमत बापाच्या रोजाला झेपणारी नव्हती. म्हणून आम्ही घरीच विरजण धरले.

कृती सोपी आहे. काचेच्या स्वच्छ बरणीत ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि ५० ते ६० ग्रॅम उकळून गार केलेले पाणी कालवावे. झाकण सैल ठेवावे. दर २४ तासांनी निम्मे मिश्रण काढून टाकावे व तितकेच नवे पीठ-पाणी घालावे. तांदळाचे किंवा नाचणीचे पीठही चालते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फसफस दिसते आणि घाणेरडा वास येतो. तेवढ्यावर विरजण तयार झाले असे समजू नये. ती भलत्याच जिवाणूंची गडबड असते. मग एकदोन दिवस सारे थंडावते. पुष्कळ लोक येथेच निराश होऊन बरणी ओतून देतात. वास्तविक याच वेळी आत आंबटपणा वाढत असतो. त्यात ते जिवाणू मागे पडतात आणि दह्यातल्यासारखे आम्लकारी जिवाणू व यीस्ट जोर धरतात. सात ते दहा दिवसांत वास स्वच्छ आंबट होतो. पीठ घातल्यापासून चार-सहा तासांत बुडबुडे येऊ लागले आणि असे दोन-तीन दिवस सतत घडले, की विरजण तयार. गव्हाच्या विरजणासारखे ते दुप्पट फुगणार नाही, कारण वायू धरून ठेवणारे ग्लुटेनचे जाळे त्यात नसते. पावात ते काम इसबगोलाकडून करून घ्यावे.

पुढे राखण. बाहेर ठेवल्यास रोज एकदा पीठ घालावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात दोनदा. फ्रिजमध्ये आठवड्यातून एकदा पुरते. वर काळसर पाणी सुटले तर ती भुकेची खूण. ते ओतून पीठ घालावे. बुरशी किंवा गुलाबी, नारिंगी छटा दिसली तर मात्र सारेच टाकावे. तयार विरजणातले जादा मिश्रण घावनांना उत्तम.

आता माझी चूक सांगतो. पहिले पीठ मी गल्लीतल्या गिरणीतून दळून आणले. आधी तिथे कोणाचा गहू दळला गेला होता, हे विचारलेच नाही. पाव सुरेख झाला आणि मुलगी चार दिवस पोटदुखीने निजून होती. आंबवले की गव्हाचा दोष जातो, असा समज आहे. या रोग्यांपुरता तो खोटा आहे. ग्लुटेनविरहित अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. गिरणीच्या जात्यात अडकलेली कणीक ही मर्यादा सहज ओलांडू शकते.

ती बरणी आम्ही फेकली. आता ज्वारी घरी निवडतो, गव्हाचा दाणा वेचून काढतो, धुऊन वाळवतो आणि मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात दळतो. चमचा, चाळणी, फडकेही वेगळे. ज्यांनी गव्हाचे विरजण राखले आहे, त्यांनी त्यातूनच हे करू नये. नव्यानेच सुरुवात करावी.

ती मुलगी आता अकरा वर्षांची आहे. शाळेला निघण्यापूर्वी बरणीत पीठ तीच घालते, आणि दुसऱ्या कोणाचा चमचा आत जाऊ देत नाही.