प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे गाठच?

रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की घरात आधी ‘ब्रेन ट्यूमर’ हेच शब्द येतात, मागोमाग कॅन्सर आणि ऑपरेशन. पाळी थांबलेली किंवा बाळ नसताना स्तनांतून दूध येणारी बाई आधीच घाबरलेली असते. तिला हे आणखी ऐकवू नये.

प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. पिट्युटरीला सगळ्या ग्रंथींची मुख्य ग्रंथी म्हणतात, पण वाटाण्याएवढी ही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही. तिच्या वरचा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग रक्तातून रासायनिक निरोप पाठवतो. असे निरोप शोधून काढल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बहुतेक हार्मोनांना ‘सोड’ असा निरोप जातो. प्रोलॅक्टिनचं उलट आहे, मेंदूतलं डोपामिन त्याला सतत लगाम घालून असतं. हा लगाम सैल झाला की गाठ नसतानाही प्रोलॅक्टिन वाढतं.

म्हणून डॉक्टरांना आधी आपल्या गोळ्या दाखवाव्यात. उलटी, अ‍ॅसिडिटी, पोटफुगी यांवर दिली जाणारी डोम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड आणि मानसिक आजारातली रिस्पेरिडोन ही औषधं डोपामिनचा परिणाम अडवतात. अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, हे घेणाऱ्याला पुष्कळदा ठाऊकच नसतं. मानसिक आजाराची गोळी मात्र परस्पर बंद करू नये. थायरॉइड कमी असणं आणि गरोदरपण हेही आधी तपासायला हवं.

आणि गाठ निघालीच तर? प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी पिट्युटरीची गाठ, जवळजवळ नेहमीच साधी असते, कॅन्सर नव्हे. पिट्युटरीच्या इतर बऱ्याच गाठींवर आधी शस्त्रक्रियेचा विचार होतो, इथे आधी गोळी. कॅबरगोलिन डोपामिनचंच काम करते, बहुधा आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यावी लागते. प्रोलॅक्टिन उतरतं, बहुतेकांची गाठही आकसते आणि पाळी परत येते. नजर कमी झाली असली तरी अनेकदा गोळीनेच सुरुवात करतात. डोकं अचानक फुटल्यासारखं दुखून दिसेनासं झालं, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठावं.

हा बायकांचाच आजार, हेही खरं नाही. पुरुषाची कामेच्छा कमी होते, पण तो ते संकोचाने बोलत नाही. त्यामुळे त्याची गाठ सापडते तेव्हा बरेचदा मोठी झालेली असते.

बरं वाटलं म्हणून गोळी मनाने सोडू नये. साधारण दोन वर्षं प्रोलॅक्टिन नॉर्मल राहिलं आणि एमआरआयमध्ये गाठ दिसली नाही, तर डॉक्टर डोस कमी करून पाहतात. पुष्कळांचं प्रोलॅक्टिन पुन्हा चढतं, म्हणून गोळी थांबल्यावरही रक्ततपासणी चालू ठेवावी लागते.